ओट्यावरचा अमोनिया

१० फेब्रुवारी, सोमवार

नोकरी गेली. हे वाक्य लिहिल्यावर कसं दिसतं ते बघायचं होतं, म्हणून ही वही काढली. वही कंपनीनेच ख्रिसमसला वाटलेली, वर कंपनीचं नाव सोनेरी अक्षरांत.

सकाळी मॅनेजरने कॉल लावला आणि त्यात एचआरची एक अनोळखी बाई दिसली, तेव्हाच उमजलं. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत कंपनीने लॅपटॉप लांबूनच बंद केला. मी प्लॅनर आहे. मोठ्या कारखान्यांची कामं कधी सुरू होऊन कधी संपतील याची वेळापत्रकं मांडायची, हा माझा धंदा. स्वतःचं काय होणार ते मात्र मला दिसलं नाही.

आम्ही वर्क व्हिसावर, त्यामुळे दुसरी नोकरी शोधायला दोन महिने मिळतात. नाही मिळाली तर गाशा गुंडाळायचा. ग्रीन कार्डच्या रांगेत आपला नंबर लागेपर्यंत उर्वीला नातवंडं होतील, असं सांगून मी पार्ट्यांत लोकांना हसवत आलो आहे. आज माझं मलाच हसू आलं नाही.

बायकोला, आश्लेषाला, दुपारी सांगितलं. ती रविवारच्या मराठी शाळेतल्या मुलांसाठी अक्षरांचे कागद कापत बसली होती. कात्री खाली ठेवून म्हणाली, "बरं. आधी जेवून घे." बाहेर कुणाला सांगायचं नाही असं ठरलं. उर्वीलाही नाही, सातवीतल्या पोरीच्या डोक्याला ताप कशाला.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. समोरच्या घरात शुभाकाकू राहतात आणि त्यांच्या खिडकीतून आमचा ड्राइव्हवे स्पष्ट दिसतो, म्हणून हा सगळा खटाटोप.

आज तिथे नेमके अरुणकाका भेटले, शुभाकाकूंचे यजमान. पन्नास वर्षांपूर्वी इथे आलेली पिढी, तेलाच्या धंद्यात आयुष्य गेलं, आता निवृत्त. घरचं इंटरनेट गेलंय म्हणून इथून काम करतोय, अशी थाप मी मारली. ते "अच्छा" म्हणाले आणि शेजारीच बसले. मग आपणहून सांगू लागले. ऐंशीच्या दशकात तेलाचे भाव कोसळले आणि इथे ह्यूस्टनमध्ये कुणाला कुणी विचारेना, तेव्हा ते दोन वर्षं ट्रिनिडाड बेटावर जाऊन राहिले होते. पगार इथल्या निम्मासुद्धा नाही. पण समुद्राकाठी अमोनियाचे कारखाने एकाला एक लागून, आणि माणसं मोकळ्या मनाची. तिथली शिकलेली मुलं कॅनडाला नाही तर इकडे निघून जातात, म्हणून अनुभवी माणसं त्यांना अजून बाहेरून आणावी लागतात म्हणे. "तुला काय करायचंय म्हणा," असं म्हणत उठले.

म्हाताऱ्या माणसांना जुन्या गोष्टी ऐकायला कुणीतरी लागतं. मी आपला ऐकून घेतलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळीकडे अर्ज टाकून झाले. व्हिसाचं ऐकलं की लोक फोन आवरता घेतात. शुभाकाकूंनी या आठवड्यात दुसऱ्यांदा डबा पाठवला, आज अळूवड्या. "जास्तीच्या झाल्या," म्हणे. हल्ली त्यांच्याकडे सगळंच जास्तीचं होतंय.

लायब्ररीत वेळ जात नव्हता म्हणून ट्रिनिडाडच्या जागा बघितल्या. एका खतकारखान्याला शटडाउनसाठी प्लॅनर हवाय. मोठ्या दुरुस्तीसाठी अख्खा कारखाना बंद करायचा आणि ठरल्या तारखेला परत चालू करायचा, हे तर माझं रोजचंच काम. अमोनियाचा कारखाना मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही, पण वेळापत्रक ते वेळापत्रक. अर्ज टाकून दिला. अमेरिकेतला माणूस निम्म्या पगारात यायला तयार आहे म्हटल्यावर पायघड्या घालतील.

जेवताना आश्लेषाला सांगितलं. अमोनिया हा शब्द ऐकताच ती वाढता वाढता थांबली. लग्नाआधी सहा वर्षं ती अलिबागजवळच्या खतकारखान्यात शिफ्ट इंजिनिअर होती. मी विसरलो होतो असं नाही, पण पटकन डोक्यात आलं नव्हतं. इथे आल्यावर बरीच वर्षं तिला कामाची परवानगीच नव्हती. मिळाली तेव्हा सगळे विचारायचे की मधली एवढी वर्षं काय करत होता. मग मराठी शाळा सुरू झाली आणि तिचं मन त्यात छान रमलं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

माझी शिकवणी चालू आहे. उर्वी शाळेत गेली की मी शर्ट घालून निघतो, एक चक्कर मारतो आणि गाडी मागच्या गल्लीत लावून परत येतो. ओट्यावर कुकर, म्हणजे कन्व्हर्टर, अमोनिया तयार होतो ते भांडं. चाळणीत मेथीदाणे, म्हणजे कॅटॅलिस्ट, ती क्रिया घडवणारे दाणे. हवेतला नायट्रोजन आणि गॅसमधला हायड्रोजन प्रचंड दाबाखाली लोखंडाच्या दाण्यांवरून न्यायचा की अमोनिया होतो. मराठी शाळेच्या कागदांच्या पाठीवर आश्लेषा आकृत्या काढते आणि मला प्रश्न विचारते. मी चुकलो की कपाळाला हात लावते.

काल तिने एका रात्रपाळीची गोष्ट सांगितली. कॉम्प्रेसर बंद पडला, सगळे एकमेकांकडे बघत राहिले आणि तिने एकटीने तो पहाटेपर्यंत सांभाळून चालू केला. मी तिला इतकं भरभरून बोलताना बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. माझं मन रमावं म्हणून ती किती करते. पुढे नवीन कॅटॅलिस्ट तापवण्याचं काहीतरी सांगत होती, तेवढ्यात एका रिक्रूटरचा फोन आला आणि ते राहून गेलं.

उर्वीला संशय आलाय. म्हणाली, "बाबा, यू आर होम अ लॉट." मी मीटिंग कॅन्सल झाली म्हणून सांगितलं.

३ मार्च, सोमवार

ट्रिनिडाडहून एचआरचा फोन आला. मिस रामलोगन नावाच्या बाई. आपल्याकडचं वाटणारं नाव ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी विचारून बसलो, तुम्ही इंडियात कुठच्या? मग त्या म्हणाल्या की त्या ट्रिनिडाडमधल्याच चाग्वानासच्या, त्यांचे वडील तिथलेच, आजोबाही तिथलेच, आणि इंडियाला त्या कधी गेलेल्या नाहीत. मी घाईघाईने विषय बदलला आणि म्हटलं की पगार कमी असला तरी मला चालेल, मी तडजोड करायला तयार आहे. हे तर पहिल्याहून वाईट झालं. त्यांनी शांतपणे सांगितलं की जागेची जाहिरात आधी त्यांच्या देशात द्यावी लागते. त्यांचा माणूस मिळाला तर जागा त्याची. नाही मिळाला तर परवान्यासाठी सरकारला पटवून द्यावं लागेल की बाहेरचा माणूस का हवा.

मला रागच आला. म्हणजे अमेरिकेतून उतरून जायचं आणि तिथेही रांगेत शेवटी उभं राहायचं. आश्लेषाला हे सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणाली, "का रे, त्यांचा देश आहे ना तो?"

पण मुलाखतीला बोलावलंय. पुढच्या मंगळवारी.

११ मार्च, मंगळवार

सगळं मुसळ केरात.

मुलाखत दुपारी होती. डायनिंग टेबलावर लॅपटॉप, मागे स्वच्छ भिंत. आश्लेषा बाजूला ओट्याशी कणीक मळत होती, कॅमेऱ्यात दिसत नव्हती. पडद्यावर मिस रामलोगन आणि प्लांटचे मुख्य, मिस्टर बूधराम, पिकल्या मिशांचा गंभीर माणूस. तासभर झकास चाललं होतं. मग बूधराम म्हणाले, शटडाउन संपत आलाय, कन्व्हर्टरमध्ये नवीन कॅटॅलिस्ट भरलाय, दोन दिवस उशीर झालाय आणि मालक मागे लागलेत. वेळ कुठून भरून काढाल?

हा तर माझा प्रांत. मी वेळापत्रक नजरेसमोर आणलं. सगळ्यात लांबलचक काम कॅटॅलिस्ट तापवण्याचं होतं. म्हटलं, तिथून दोन दिवस काढता येतील, भराभर तापवू. आणि ओट्याकडून आवाज आला, "नो, नो. नॉट देअर."

मी वळून पाहिलं. तिने कणकेचा हात तोंडावर ठेवला होता. बूधरामनी विचारलं कोण आहे. म्हटलं, माझी मिसेस, सॉरी. ते म्हणाले, त्यांना बोलू द्या. ती तशीच आली, हात भरलेले, उभ्याउभ्याच बोलली. नवा कॅटॅलिस्ट तापताना त्यातून पाणी निघतं. पाणी वाढलं की तापवणं थांबवायचं, ते ओसरेपर्यंत वाट बघायची, मग पुढे जायचं. घाई केली तर कॅटॅलिस्ट कायमचा मरतो, आणि त्याच्या वेगानेच त्याला जागं करावं लागतं. वेळ काढायचाच तर बाहेरच्या पाइपांच्या तपासणीतून काढा, ती समांतर चालू शकते. बूधराम पुढे झुकले. त्यांनी आणखी विचारलं, तिने आणखी सांगितलं. एका गोष्टीवर त्यांचं पटलं नाही, तर दोघं त्यावर वाद घालायला लागले. मी खुर्चीतून उठून बाजूला उभा होतो. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

कॉल संपल्यावर ती म्हणाली, "माझ्या तोंडून निघून गेलं रे. सॉरी." मी गाडी काढली आणि हायवे सिक्सवरून उगाच लांबपर्यंत जाऊन आलो.

१३ मार्च, गुरुवार

मी तिच्याशी बोलत नाही. लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहितो. तिचं उत्तर बरोबर होतं हे मला कळतं. पण नोकरी माझी होती, आणि मला खात्री आहे की ती माझ्या हातून तेव्हाच गेली. दोनच मिनिटं गप्प बसली असती तर मी काहीतरी सावरून घेतलं असतं.

ओट्यावरचे आकृत्यांचे कागद तिने गोळा करून रिसायकलच्या डब्यात टाकले. कुकरमध्ये आज फक्त वरणभात होता.

१८ मार्च, मंगळवार

ट्रिनिडाडची मेल आली. मला नकार, अतिशय सभ्य शब्दांत. अपेक्षाच होती. गंमत पुढेच आहे. आपल्या पत्नीचा बायोडेटा पाठवू शकाल का, म्हणे. लोक चांगले आहेत, उगाच मन राखायला विचारलं असणार. मी लगेच आभार मानून कळवलं की माझी पत्नी सध्या नोकरी शोधत नाही. घरातला असला पत्रव्यवहार मीच बघतो. व्हिसा, टॅक्स, उर्वीची शाळा, सगळीकडे माझीच सही असते.

आश्लेषाला नकाराचं सांगितलं. बाकीचं सांगायचं राहिलं. तिच्या नोकरीतला गॅप केवढा मोठा, आणि हातात काही लागलं नसतं तर तिला वाईट वाटलं असतं.

दोन महिन्यांतले पाच आठवडे गेलेही. आता व्हिजिटर म्हणून राहू देण्याचा अर्ज करावा लागेल, म्हणजे उर्वीचं वर्ष तरी पुरं होईल. पुण्यात घर बघायला वहिनीला सांगावं म्हणतो.

२१ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

उर्वी शाळेतून आली होती, आम्ही तिघं चहा घेत होतो. माझ्या फोनवर बूधरामचा फोन आला. मला वाटलं, माझ्याबद्दलचा त्यांचा विचार बदलला. ते म्हणाले, आश्लेषा आहे का? मी फोन दिला. ती स्पीकरवर ठेवून बोलू लागली, कारण हातात पोह्यांची ताटली होती. बूधराम म्हणाले की तुम्ही नोकरी शोधत नाही असं आम्हाला कळवलंय, तो तुमचा निर्णय आहे, फक्त तो एकदा तुमच्या तोंडून ऐकावा म्हणून फोन केला.

तिने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या पोह्यांकडे. उर्वी आमच्या दोघांकडे.

आश्लेषाने ताटली ठेवली, स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला. आवाज अजिबात चढला नाही. म्हणाली, "माय हजबंड वॉज मिस्टेकन, सर. आय अ‍ॅम लुकिंग." आणि फोन घेऊन बाहेर अंगणात गेली.

उर्वीने मला विचारलं, "तू तिला न विचारता नो म्हणालास?" तिने हे मराठीत विचारलं. ती मराठीत फार कमी बोलते. सगळ्या सबबी मनात होत्या, त्यातली एकही तिच्यासमोर काढावीशी वाटेना.

आश्लेषा आत आली तेव्हा मी सॉरी म्हणालो. तिने मान हलवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार

पाडव्याच्या कार्यक्रमाला इथल्या मराठी मंडळात गेलो. श्रीखंडाच्या रांगेत माझा मित्र मिहीर भेटला, त्याने आपल्या कंपनीतल्या एका जागेची लिंक पाठवतो म्हटलं. मी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "अरे यार, सगळ्यांना पहिल्याच आठवड्यात कळलं. तू लायब्ररीत बसतोस ना? तिथे मंडळाची निम्मी माणसं येतात." कुणी मला कळू दिलं नाही, एवढंच. शुभाकाकूंच्या अळूवड्यांचा उलगडा आत्ता झाला. अरुणकाकांच्या ट्रिनिडाडचाही.

काका आश्लेषाला कोपऱ्यात घेऊन बसले होते. तिच्या खऱ्या मुलाखती झाल्यात, दोन. मी त्या वेळी उर्वीला घेऊन बाहेर गेलो, तिने सांगितलं नव्हतं, तरी गेलो. काका तिला तिथल्या उकाड्याचं, भाज्यांचं आणि नाताळात घरोघर येणाऱ्या गाणाऱ्यांचं सांगत होते. ती प्रश्नांवर प्रश्न विचारत होती. मी तिथे गेलो तर दोघं थांबले, म्हणून मी श्रीखंड आणायच्या निमित्ताने परत फिरलो.

९ एप्रिल, बुधवार

व्हिजिटरचा अर्ज भरून टाकला. मिहीरच्या लिंकचं काही झालं नाही. व्हिसा.

ट्रिनिडाडचंही काही नाही. आश्लेषाच्या जागेची जाहिरात तिथल्या पेपरांत लागलीय. आश्लेषा म्हणाली की तिथला कुणी मिळाला तर तिला वाईट वाटेल, पण रागावणार नाही. मग ती मेथीच्या जुड्या निवडत बसली आणि बराच वेळ एकच जुडी निवडत राहिली. मी शेजारी जाऊन बसलो. तिने अर्धी मेथी माझ्याकडे सरकवली. त्या दिवसानंतर पहिल्यांदा आम्ही काहीतरी बरोबर केलं.

१७ एप्रिल, गुरुवार

मिळाली. शिफ्ट सुपरिंटेंडेंट. मागितलेला अनुभव असलेलं त्यांना तिथे कुणी मिळालं नाही, परवान्याची कागदपत्रं ते करताहेत. पगार माझ्या इथल्या पगाराच्या निम्म्याहून कमी, घर कंपनीचं. नवरा आणि मुलगी तिच्यावर अवलंबून म्हणून येऊ शकतात. मला तिथे काम करता येणार नाही, माझा वेगळा परवाना निघाला तरच.

मी पहिल्यांदा मनापासून आनंदलो, हे नोंदवून ठेवतो. तिला जवळ घेतलं. ती हसली. लगेच मी कामाला लागलो. घर विकायचं की भाड्याने द्यायचं, गाड्यांचं काय, उर्वीची शाळा, सामान समुद्रमार्गे. टेबलावर कागद पसरून मी तिला वेळापत्रक मांडून दाखवायला लागलो.

तिने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाली, "सुशांत, मी जाणार आहे. ते ठरलं. तू येतोस का?"

मी म्हटलं, म्हणजे काय, येणारच.

"नाही. तसं नको. तिथे तुला काम नसेल. घर बघावं लागेल. लोक विचारतील, तुम्ही काय करता. विचार करून सांग. मिहीरकडे राहून इथेच शोधत राहायचं असेल तर तेही सांग. मी रागावणार नाही."

रविवारपर्यंतचा वेळ दिलाय.

१९ एप्रिल, शनिवार

उत्तर मला गुरुवारीच माहीत होतं. तरी विचार केला, कारण तिने करायला सांगितलाय. गंमत म्हणजे विचार केल्यावर सोपं राहिलं नाही. दिवसभर उर्वीची वाट बघत त्या बेटावरच्या घरात बसलेला मी मला दिसलो. दुपारी काय करेन? कुणाशी बोलेन? कुणी विचारलं की हिचा नवरा काय करतो, तर? संध्याकाळी ती दमून येईल आणि कारखान्याचं सांगेल, तेव्हा माझ्याजवळ सांगायला काय असेल? मला भीती वाटली. खरोखरची.

ती बाहेर अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होती. तिला हाक मारून विचारावंसं वाटलं की तू कशी काढलीस गं, इतकी वर्षं? पण हाक मारली नाही.

२० एप्रिल, रविवार

सकाळी ती चहा गाळत असताना सांगितलं. म्हटलं, विचार केला. भीती वाटते. येतो.

मला वाटलं ती 'बरं' म्हणेल आणि कप हातात देईल. तिने पातेलं खाली ठेवलं, ओट्याला दोन्ही हात टेकले आणि रडायला लागली. आवाज न करता, खूप वेळ. मी घाबरून विचारलं की काय झालं, मी येतो म्हणालो ना. माझा आवाज ऐकून उर्वी खाली आली आणि तिला बिलगून उभी राहिली.

मग आश्लेषा म्हणाली, "मला वाटलं तू नाही म्हणशील."

तिला माझं उत्तर माहीतच असणार, असं मी धरून चाललो होतो. तिला खरंच माहीत नव्हतं.